चित्रमालिकांचे वय आणि चाहत्यांची वहिवाट



या वासंतिक व्याख्यानमालेसाठी मी निवडलेला विषय वरकरणी निव्वळ करमणुकीच्या सदरात मोडणारा वाटेल. परंतु जी कथा एखाद्या मुलाच्या मनात आठव्या-दहाव्या वर्षी शिरते आणि पुढे त्याच्या पंचविशीत, चाळिशीत नव्या नव्या भागांच्या रूपाने त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा उभी राहते, त्या कथेने त्याच्याबरोबर वयाने वाढावे की त्याला पुढे जाऊ देऊन स्वतः मागून येणाऱ्या मुलांची वाट पाहावी, या प्रश्नाच्या मुळाशी गेले असता असे दिसते की एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती काय सोपवावे, या फार जुन्या प्रश्नाचेच हे एक अर्वाचीन रूप आहे.

आयुष्यभर सोबत करणारी चित्रमालिका ही विसाव्या शतकाची निर्मिती होय. जपानचा गॉडझिला 1954 साली अवतरला; अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’चा पहिला चित्रपट 1977 साली आला, ‘टॉय स्टोरी’ 1995 साली आली; आणि हॅरी पॉटर 2001 साली पडद्यावर आला. अशा मालिकांचे जे पहिले बालप्रेक्षक, ते कालांतराने मिळवते झाले, संसारी झाले, आणि त्यांची कैफियत अशी की, आम्ही या कथेला आमचे बालपण दिले, आमच्या निष्ठेवर ती उभी राहिली. आता आम्हांला मृत्यू ठाऊक झाला आहे, अपयश ठाऊक झाले आहे, सत्तेचे व्यवहार ठाऊक झाले आहेत, तेव्हा कथेनेही आमच्या या जाणिवेला साजेसे प्रौढ व्हावे. ही कैफियत तुच्छतेने बाजूला सारण्याजोगी नाही. प्रेमातून उद्भवलेली मागणी चुकीची असली तरी तिची सुनावणी आदराने झाली पाहिजे, आणि ज्या ठिकाणी ती रास्त ठरली ते उदाहरण आधी पाहिले पाहिजे.

ते उदाहरण अर्थातच हॅरी पॉटरचे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत या मालिकेचे आठ चित्रपट निघाले. चित्रीकरणास आरंभ झाला तेव्हा डॅनिएल रॅडक्लिफ हा नायक अकरा वर्षांचा होता, आणि अखेरचा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा एकवीस वर्षांचा. पहिले दोन चित्रपट क्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केले. त्यांत मेजवान्यांचे, मिठायांचे, दिव्यांच्या लखलखाटाचे विस्मयजनक विश्व आहे. तिसरा चित्रपट 2004 साली अल्फोन्सो क्वारोन यांच्या हाती आला, आणि त्यांनी आपल्या तिन्ही किशोरवयीन नटांना, आपापल्या पात्राविषयी एक निबंध लिहून आणा, असे सांगितले. एमा वॉट्सनने पानेच्या पाने भरून आणली, रॅडक्लिफने एका पानात काम आटोपले आणि रुपर्ट ग्रिंटने काहीच लिहून दिले नाही; म्हणजे हर्मायनीने, हॅरीने आणि रॉनने जे केले असते तेच तिघांनी केले. याच चित्रपटात मुलांच्या अंगावर गणवेशाऐवजी वरचेवर साधे, रोजच्या वापरातले कपडे दिसू लागले, आणि जेथे गणवेश होता तेथेही सैल सुटलेला टाय अन् बाहेर लोंबणारा सदरा दिसू लागला. शाळेच्या शिस्तीतून मान सोडवून घेऊ पाहणारे तेरा वर्षांचे वय एवढ्या तपशिलाने साक्षात झाले. त्यासाठी रक्तपाताची किंवा अभद्र भाषेची गरज भासली नाही.

येथे मालिका चाहत्यांबरोबर वाढली, हे खरे. परंतु ती चाहत्यांच्या आज्ञेवरून वाढली नाही. जे. के. रोलिंग यांच्या सात कादंबऱ्यांची बांधणीच अशी आहे की एका पुस्तकाबरोबर नायकाच्या आयुष्याचे एक वर्ष सरते, आणि जी कथा आपल्या नायकाच्या वयाचा हिशेब पहिल्या पानापासून ठेवते तिला प्रौढत्व बाहेरून चिकटवावे लागत नाही. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने 1959 साली ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या चित्रपटात आंत्वान द्वानेल नावाचा एक उनाड, प्रेमाला पारखा झालेला मुलगा उभा केला, आणि झाँ-प्येर लिओ या त्याच नटाला घेऊन 1979 सालापर्यंत त्याचे तारुण्य, विवाह आणि घटस्फोट चित्रित केले. तेथेही वाढणारे वय हाच त्या चित्रपटांचा विषय होता. तात्पर्य, कथेच्या अंगभूत धर्मानुसार आलेली वाढ ही वाढ होय. शिवाय पॉटरचा पहिला चित्रपट आजही आठ वर्षांच्या मुलाला उपलब्ध आहे. त्याने तेथून आरंभ करावा आणि सावकाश पुढे यावे, त्याची वाट कोणी अडवलेली नाही. याउलट याच जादुई जगावर आधारलेली ‘फँटास्टिक बीस्ट्स’ ही नंतरची मालिका पाहा: नाव अद्भुत प्राण्यांचे आणि आशय मोठ्यांच्या राजकारणाचा, अशी तिची दुहेरी ओढाताण झाली, आणि पाच चित्रपटांचा संकल्प 2022 साली तिसऱ्यावरच थांबला.

आता दुसऱ्या बाजूचे, अधिक क्लेशकारक उदाहरण घेऊ. ‘स्टार वॉर्स’ची पहिली त्रयी 1983 साली पूर्ण झाली आणि सोळा वर्षांच्या खंडानंतर, 1999 साली, जॉर्ज ल्यूकस यांनी ‘द फँटम मेनस’ हा नवा चित्रपट सादर केला. चित्रपटगृहाबाहेर दिवसचे दिवस मुक्काम ठोकणाऱ्यांत 1977 सालची मुले होती, आता तिशी ओलांडलेली. ल्यूकस यांनी मात्र अनाकिन या नऊ वर्षांच्या मुलाला कथेच्या केंद्रस्थानी ठेवले आणि जार जार बिंक्स नावाचे, धडपडणारे, बोबडे बोलणारे पात्र मुलांच्या हास्यासाठी निर्माण केले. आपले हे चित्रपट बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, असे ते उघडपणे सांगत आले आहेत. त्या चित्रपटात दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. व्यापारी संघाच्या करविषयक तंट्याने आरंभ होणारे त्याचे कथानक मुलांनाही जड जाते आणि मोठ्यांनाही रुक्ष वाटते. परंतु जुन्या चाहत्यांचा क्षोभ केवळ रचनेतील दोषांपुरता राहिला नाही. आपली कथा परक्या पोरांच्या हवाली केल्याची ती फिर्याद होती, आणि तिचा दंड जिवंत माणसांना भरावा लागला. जार जार साकारणारा अहमद बेस्ट हा त्या वेळी पंचविशीतला तरुण नट होता. त्याच्यावर झालेल्या निंदेच्या वर्षावाने जीव द्यावा असे आपल्याला वाटले होते, हे त्याने 2018 साली जाहीरपणे सांगितले. अनाकिनची भूमिका करणारा बालनट जेक लॉइड यालाही शाळेतल्या मुलांची कुचेष्टा सोसावी लागली.

काळाने या खटल्याचा निवाडा वेगळाच दिला. 1999 साली जी मुले सात-आठ वर्षांची होती ती मोठी झाली, आणि ज्या चित्रपटांना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी निकालात काढले होते त्यांचा त्यांनी अभिमानाने स्वीकार केला. 2023 साली ‘स्टार वॉर्स’च्याच विश्वातील ‘द मँडलोरियन’ या मालिकेत अहमद बेस्ट एका जेडाय योद्ध्याच्या भूमिकेत परतला आणि लहानग्या ग्रोगूला संकटातून वाचवताना दिसला, तेव्हा त्याचे स्वागत करण्यात हीच पिढी पुढे होती. चाहत्यांची पिढी एक नसते आणि कथेचा मालक कोणी एक काळ नसतो, हा बोध यातून घ्यावयाचा. आपल्याकडील जुन्या वतनदाराने सनद दाखवून गावावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगावा, त्याप्रमाणे पहिला प्रेक्षक आपल्या पहिलेपणाची सनद दाखवतो; परंतु कलेच्या प्रांतात असे वतन चालत नाही. येथे वहिवाट आहे, मिरास नाही. जो आज प्रेमाने पाहतो त्याची ती कथा, आणि उद्या जो पाहील त्याचीही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग मालिकांनी सदैव बाळबोधच राहावे काय? या आक्षेपाचे उत्तर गॉडझिलाच्या इतिहासात आहे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट घडवला, त्याच्या किरणोत्सारी राखेने ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवरील तेवीस खलाशी होरपळले, आणि त्यांच्यापैकी आइकिची कुबोयामा हा तारायंत्रचालक सप्टेंबरात मरण पावला. नोव्हेंबरात प्रदर्शित झालेला इशिरो होंडा यांचा ‘गॉडझिला’ हा चित्रपट या जखमेतून जन्मला. स्वतः होंडा महायुद्धानंतर मायदेशी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेलेले होते. तो चित्रपट जन्मतःच प्रौढ होता. पुढे 1958 साली कळसाला पोहोचलेली जपानमधील प्रेक्षकसंख्या दूरचित्रवाणीच्या प्रसाराने झपाट्याने ओसरू लागली, चित्रगृहांना बालप्रेक्षकांचा आधार शोधावा लागला, आणि तोच महाकाय प्राणी मुलांचा रक्षणकर्ता झाला. हे अधःपतन होते, असे अभ्यासक सर्रास म्हणतात. मला ते पूर्णतः मान्य नाही. 1969 सालचा ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’ हा त्यांपैकी एक चित्रपट घ्या, दिग्दर्शक तेच होंडा. कारखान्यांच्या धुराड्यांमध्ये वसलेल्या वस्तीतील इचिरो नावाचा मुलगा, आईवडील दोघेही कामावर, घर रिकामे, बाहेर दांडगट पोरांचा जाच. तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो, गॉडझिलाच्या पिलाशी मैत्री करतो, आणि भय कसे जिंकावे हे त्याच्याकडून शिकून जागा होतो. राक्षसांच्या झुंजींची दृश्ये त्यात बहुतांशी जुन्याच चित्रपटांतून घेतलेली आहेत. पण उद्योगप्रधान जपानमधील एकाकी बालकाचे दुःख त्यात ज्या ममतेने ओळखले गेले आहे ते पाहता, मुलांसाठी केलेली कृती आणि हलकी कृती ही समीकरणे आपण सोडून दिली पाहिजेत.

पुढे 1984 साली गॉडझिला पुन्हा भयकारी झाला, 2016 साली हिदेआकी अन्नो यांनी त्याच्या निमित्ताने सरकारी दप्तरदिरंगाईचे मर्मभेदी दर्शन घडवले, आणि 2023 सालच्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये ताकाशी यामाझाकी यांनी युद्धातून जिवंत परतल्याच्या अपराधभावाने ग्रासलेला एक वैमानिक नायकस्थानी आणला, दृश्यपरिणामांसाठी त्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. सत्तर वर्षांच्या या प्रवासात वय सरळ रेषेत वाढलेले नाही: आधी प्रौढ, मग बाल, मग पुन्हा प्रौढ. समाजाला ज्या वेळी जे सांगावयाचे होते त्यानुसार कथेने वय धारण केले. अशा स्वातंत्र्यामुळेच ती जिवंत राहिली.

म्हणून प्रौढत्व आणि काळोख यांची गल्लत होऊ देता कामा नये. रंग करडे केले, नायक कडवट केला, हिंसा वाढवली, म्हणजे कथा प्रौढ झाली असा समज आज फार बोकाळला आहे, आणि ज्याच्या हाती तिकिटाचा पैसा आहे त्या प्रौढ चाहत्याला खूश ठेवण्याची निर्मात्यांची निकड त्याला खतपाणी घालते. परिणामी अनेक मालिकांचे नवे भाग मागील भागांच्या आठवणींवरच गुजराण करू लागले आहेत. ज्याने आधीचे वीस तास पाहिलेले नाहीत त्या मुलाला तेथे प्रवेश उरत नाही. मोठ्यांसाठी स्वतंत्र कृती अवश्य व्हावी. ‘स्टार वॉर्स’च्याच विश्वात 2022 साली टोनी गिलरॉय यांनी ‘अँडोर’ ही मालिका रचली. दडपशाही राज्ययंत्र सामान्य माणसाच्या आयुष्यात कसे शिरते याचे तिच्याइतके गंभीर चित्रण तेथे दुर्मीळच, आणि ते करताना तिने मुलांच्या वाट्याचे काही हिरावून घेतले नाही. आपल्याकडेही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 साली मराठी पडद्यावर तरुण होऊन आला आणि शिक्षणक्षेत्रातील भ्रष्टाचाराच्या मागे लागला. भागवतांची पुस्तके ज्यांनी लहानपणी वाचली त्यांना तो आवडला यात नवल नाही, पण शाळकरी बन्या फेणे मात्र पुस्तकांत शाबूत आहे, आणि आजच्या मुलांसाठी तो पडद्यावरही पुन्हा यावयास हवा.

शेवटी, या प्रश्नाचे मला दिसलेले सर्वांत समर्पक उत्तर ‘टॉय स्टोरी’च्या 2010 सालच्या तिसऱ्या भागात आहे. खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा झाला आहे, महाविद्यालयासाठी घर सोडून निघाला आहे, आणि पहिल्या चित्रपटात बाल-अँडीला आवाज देणाऱ्या जॉन मॉरिसनेच येथे तरुण अँडीला आवाज दिला आहे. तो खेळण्यांची पेटी घेऊन बॉनी नावाच्या लहान मुलीकडे जातो, प्रत्येक खेळण्याचा गुण सांगत ते तिच्या हाती देतो. पेटीच्या तळाशी त्याचा लाडका वुडी निघतो, बॉनी हात पुढे करते, आणि अँडी नकळत वुडीला मागे ओढून घेतो. त्या एका हालचालीत सगळ्या जुन्या चाहत्यांचे मन उघडे पडते. मग तो वुडी तिला देतो, आणि जाण्यापूर्वी तिच्याबरोबर खेळतो. 1995 सालच्या प्रेक्षकांबरोबर ही कथा वाढली, तिने त्यांच्या वयाची बूज राखली, आणि तरीही बॉनीच्या वयाच्या मुलाला तो चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत कळतो.

तेव्हा माझा अभिप्राय असा. कथेतच काळ वाहत असेल तर मालिकेने खुशाल वयात यावे. कथेचा पिंड चिरबाल्याचा असेल तर तिने आज जन्मलेल्या मुलाशी इमान राखावे. आणि दोन्ही प्रसंगी निर्णय कलावंताचा असावा, चाहत्यांच्या दाव्याचा नसावा. प्रौढ होण्याचे कर्तव्य प्रथम चाहत्याचे आहे. त्याला खोल, कठीण, गुंतागुंतीचे काही हवे असेल तर जगातील श्रेष्ठ चित्रपट आणि ग्रंथ त्याची वाट पाहत आहेत, आणि बालपणीच्या एकाच कथेकडून आयुष्याच्या सर्व गरजा भागवून घेण्याचा आग्रह हा त्या कथेवरही अन्याय आहे. आपणांपैकी ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना माझी विनंती आहे की, आपल्याला प्रिय असलेली मालिका त्यांना जरूर दाखवा, त्यांच्याशेजारी बसून दाखवा. परंतु ती आवडलीच पाहिजे असा हट्ट धरू नका, आणि त्यांना जे त्यांचे म्हणून आवडेल त्याला हसू नका.

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मसुदा)