स्वागताध्यक्षीय भाषण : पडद्यावरचे कण आणि मिक्सरमधले कण



स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपले मनःपूर्वक स्वागत करतो. संमिश्रांतील कणांची संगणकावर मांडणी, या परिषदेच्या विषयाशी पुण्याचे नाते दुहेरी आहे. परम ८००० हा महासंगणक १९९१ साली इथल्या सी-डॅकने उभा केला, आणि अग्निबाणांच्या घन इंधनावर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा सुतारवाडीत आहे. असे इंधन बहुधा अमोनियम पर्क्लोरेटचे कण आणि ॲल्युमिनियमची भुकटी रबरी बंधकात बसवून केलेले संमिश्रच असते. त्यात कण किती, हे महत्त्वाचे खरे. पण ते केवढे आहेत आणि कसे बसले आहेत, यावरही ज्वलनाचा वेग अवलंबून असतो.

कण किती दाट बसवता येतील, याला मर्यादा असते. सारखे गोल कितीही शिस्तीत रचले, तरी ७४ टक्क्यांहून थोडी अधिक जागा भरते, त्यापुढे नाही. केप्लरने १६११ साली वर्तवलेल्या या मर्यादेची सिद्धता गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९८ साली मांडली. कारखान्यात मात्र कण कोणी रचत नाही, ढवळून ओततात. मग गाडी ६४ टक्क्यांच्या आसपास थांबते. संगणकात एकेक गोल वाटेल तिथे टाकला आणि जागा मिळाली तरच ठेवला, तर ३८ टक्क्यांतच सगळे अडते. म्हणून लुबाचेव्स्की आणि स्टिलिंजर या संशोधकांनी १९९० साली वेगळी वाट काढली. सूक्ष्म कण हलते ठेवायचे, एकमेकांवर आदळू द्यायचे आणि आदळताआदळता फुगवत न्यायचे. मोठ्या कणांच्या फटींत लहान कण बसवले, की ६४ची मर्यादाही ओलांडता येते. काँक्रीटमध्ये खडीच्या पोकळीत वाळू बसते, ती याच न्यायाने.

पण पडद्यावरचे गोल गुळगुळीत असतात. मिक्सरमधले कण कंगोरेदार असतात, गुठळ्या करतात, तळाशी बसतात. क्ष-किरण टोमोग्राफीने घेतलेल्या खऱ्या नमुन्याच्या छेदाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही मांडणी, चित्र कितीही देखणे असले तरी, मी विश्वासार्ह मानणार नाही.

आज या सभागृहात प्रोग्राम लिहिणारे आहेत आणि मिश्रण ढवळणारेही. पाहुणचारात काही उणे राहिले, तर सांभाळून घ्या. मात्र चहाच्या वेळी आपापल्या घोळक्यात उभे राहू नका. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी कारखान्यातल्या माणसाला त्याच्या अडचणी विचाराव्यात आणि कारखानदारांनी आपले नमुने मोकळ्या मनाने तपासायला द्यावेत, एवढीच विनंती.