पंचरंगी ध्वज आणि अमेरिकन कर्नल

(आपटा येथील व्याख्यानातून)



विहारावर फडकणारा पंचरंगी ध्वज १८८५ साली कोलंबो येथील समितीने तयार केला. त्याचा आकार इतर राष्ट्रध्वजांसारखा असावा, ही सूचना मात्र एका अमेरिकन गृहस्थांची. त्यांचे नाव कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट.

ऑल्कॉट मूळचे शेतीशास्त्राचे अभ्यासक. अमेरिकेतील यादवी युद्धात त्यांनी लष्करी पुरवठ्यातील लबाड्या उघडकीस आणल्या. आम्ही बँकेत व्हाउचरे ताडून पाहणारी माणसे, म्हणून आम्हांला याचे विशेष कौतुक. आणि हेच गृहस्थ १८७४ साली व्हरमाँट राज्यातील एका शेतघरी भुते पाहावयास गेले व बरेचसे खरे मानून परतले!

असे का व्हावे? १८४४ साली मोर्सच्या तारायंत्राने दूरचा निरोप क्षणात येऊ लागला. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील फॉक्स भगिनी म्हणू लागल्या की, टकटक आवाजातून मृतात्मा बोलतो. तारेतून दूरचा माणूस बोलतो, मग मेलेला का नाही, असे लोकांना वाटले. पुढे यादवी युद्धात घरोघरची तरणी मुले गेली. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने बायबलातील सृष्टिकथाही डळमळली होती. अशा दुःखी माणसांना विज्ञानाचा शिक्का असलेला धर्म हवा होता. १८८८ साली मार्गारेट फॉक्स यांनी तो आवाज पायाच्या बोटांचा, हे भर सभेत करून दाखविले. तरी मृतात्म्यांच्या बैठका थांबल्या नाहीत. आपल्याकडे अंगात येणेही कुठे थांबले आहे?

ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईस आले, गिरगावात राहिले. मे १८८० मध्ये श्रीलंकेत गॉल येथे त्यांनी पंचशील घेतले. १८८१ साली बौद्ध धर्मावर प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहिले. पुढे मद्रासेत अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. हे ऋण आम्ही मानतो. परंतु अदृश्य महात्म्यांवरचा त्यांचा विश्वास आपण घ्यावा काय? मुळीच नाही. बिले तपासताना लावलेली कसोटी त्यांनी तिथे सैल सोडली.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, जिथे ऑल्कॉट यांनी १८७५ साली थिऑसॉफिकल सोसायटी स्थापिली, बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. जॉन ड्यूई हे त्यांचे गुरुजन. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी आत्मा नाकारला, आणि मग पुनर्जन्म कोणाचा, हा अवघड प्रश्न टाळला नाही. तो भाग चौथ्या खंडात आहे. येत्या वर्षावासात त्याचे वाचन होईल तेव्हा विद्यार्थ्यांनी आपल्या शंका वहीत लिहून आणाव्यात आणि वाचन थांबवून विचाराव्यात.