अखेरचा ब्राम्स



खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय रायपूरपासून फार दूर नाही. 1956 साली ते स्थापन झाले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारख्या पंडितांनी त्याचे कुलगुरुपद भूषविले. त्यामुळे रागसंगीत येथील रसिकाला परके नाही. पियानोचा कॉन्चेर्तो मात्र त्याला अजून परका वाटतो. तथापि ज्या ध्वनिमुद्रणाचा येथे विचार करावयाचा आहे, त्याचे एक टोक मुंबईशी जोडलेले आहे. 1976 साली आर्थर रुबिनस्टाइन यांनी योहान्नेस ब्राम्सचा डी मायनरमधील पहिला कॉन्चेर्तो डेक्का कंपनीसाठी इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला. त्या वेळी वाद्यवृंदाचे संचालन झुबिन मेहता यांच्याकडे होते.

मेहतांचा जन्म मुंबईत 1936 साली झाला. त्यांचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक असून मुंबईतील सिंफनी वाद्यवृंदाचे संस्थापक होते. वैद्यकाचे शिक्षण सोडून झुबिन 1954 साली व्हिएन्नास गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालनाची विद्या शिकले. ध्वनिमुद्रणाच्या वर्षी ते चाळिशीत पोहोचले होते. रुबिनस्टाइन 89 वर्षांचे होते.

कॉन्चेर्तो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांचा संवाद. आपल्याकडे कलावंत राग मांडता मांडता रचत जातो. तेथे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो. मग वादकाचे स्वतःचे असे काय उरते? लय किती रोखावी, आघात किती द्यावा, एका वाक्यानंतर श्वास कोठे घ्यावा, हे सारे त्याचे. ब्राम्सच्या या रचनेत वाद्यवृंद प्रारंभी काही मिनिटे गर्जत राहतो आणि पियानो तोवर स्तब्ध असतो. अखेर तो येतो तो अगदी हळुवारपणे. पुढे मात्र दोन्ही हातांची ताकद पणाला लावणारे कंपित स्वरांचे प्रपात सुरू होतात. तीन भागांची ही रचना पाऊण तासाहून अधिक काळ चालते. तरुण वादकालाही ती थकविते.

या रचनेचा जन्मही सुखाचा नव्हता. ब्राम्सचे मार्गदर्शक रॉबर्ट शूमान यांनी फेब्रुवारी 1854 मध्ये ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचविण्यात आले, पण पुढील आयुष्य मनोरुग्णालयात गेले. त्याच वर्षी ब्राम्सने ही रचना दोन पियानोंसाठी आरंभिली आणि बदलत बदलत ती कॉन्चेर्तोच्या रूपास आली. तिचा पहिला प्रयोग 22 जानेवारी 1859 रोजी हॅनोव्हर येथे झाला. पियानोवर स्वतः ब्राम्स होता आणि संचालन योझेफ योआखिम यांचे होते. पाचच दिवसांनी लाइपझिगच्या श्रोत्यांनी सीत्कार करून तिची अवहेलना केली. ब्राम्स तेव्हा 25 वर्षांचा होता.

या योआखिमचे नाव येथे विशेष लक्षात ठेवावयास हवे. पोलंडमधील लोद्झ येथे 1887 साली जन्मलेल्या रुबिनस्टाइनला बालपणी बर्लिनला नेण्यात आले, तेव्हा त्याच्या शिक्षणाचा भार याच योआखिमने आपल्या देखरेखीखाली घेतला होता. ज्याच्या हाताखाली ही रचना प्रथम वाजली, त्याच्याच छायेत हा मुलगा वाढला. आपल्याकडे ज्याला घराण्याचा धागा म्हणतात, त्यासारखेच हे काही होय.

परंतु या धाग्याला एक पीळही आहे. 1914 नंतर रुबिनस्टाइन यांनी जर्मनीत कधीही वादन केले नाही. पुढे नाझी संहारात त्यांचे अनेक आप्त मारले गेले. ज्या वाद्यवृंदाबरोबर ते 1976 मध्ये वाजवीत होते, तोही 1936 साली ब्रॉनिस्लाव हुबरमान यांनी युरोपातील वाद्यवृंदांतून हुसकावलेल्या ज्यू वादकांना एकत्र आणून उभारला होता. अशा माणसाने, अशा वाद्यवृंदासह, हँबुर्गमध्ये जन्मलेल्या जर्मन रचनाकाराची कृती वाजवावी, यात विसंगती आहे काय? रुबिनस्टाइन यांनी आयुष्यभर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. त्या भूमीवर त्यांनी बहिष्कार घातला, पण ब्राम्सला मात्र त्यांनी कधी अंतर दिले नाही. ज्यांना अन्यायाचा विसर पडू द्यावयाचा नाही आणि कलाही गमवावयाची नाही, त्यांना ही भूमिका विचार करावयास लावील.

ध्वनिमुद्रणाविषयी त्यांचे मत प्रथम प्रतिकूल होते. कर्ण्यात वाजवून घेतलेल्या जुन्या तबकड्यांत पियानो बँजोसारखा ऐकू येतो, अशी त्यांची तक्रार असे. विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ झाल्यावर, 1928 च्या सुमारास, ते या क्षेत्रात उतरले. आपल्या गायकांना जेव्हा तीनचार मिनिटांत राग आटोपावा लागे, त्याच काळात कॉन्चेर्तो अनेक तबकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी विभागला जाई. 1948 साली दीर्घमुद्रिका आल्या आणि हे बंधन सुटले. ब्राम्सचा हा कॉन्चेर्तो रुबिनस्टाइन यांनी 1954 मध्ये फ्रिट्झ राइनर यांच्यासह आणि 1964 मध्ये एरिख लाइन्सडॉर्फ यांच्यासह मुद्रित केलाच होता. मग तिसऱ्यांदा कशासाठी?

विशेष हे की, या वेळी त्यांची दृष्टी जात चालली होती. नेत्रपटलाचा मध्यभाग निकामी होऊ लागला की माणूस ज्याकडे पाहतो तेच नेमके पुसले जाते. कडेचे तेवढे दिसत राहते. पियानोच्या 88 पट्ट्यांवर लांब उड्या घेणाऱ्या हातांना याची केवढी अडचण व्हावी! फितीवरील मुद्रणात चुकलेला भाग पुन्हा वाजवून जोडता येतो, हे खरे. परंतु अवघ्या रचनेचा डौल असा जोडून मिळत नाही. तो मनात आधीच अखंड असावा लागतो. मैफलीतील चूक त्याच रात्री विरून जाते, तबकडीतील कायमची राहते. आधीची दोन सुदृढ मुद्रणे तुलनेसाठी उपलब्ध असताना वृद्ध कलावंताने ही जोखीम पत्करली. बोटांना दिसत नव्हते, पण साठसत्तर वर्षांचा रियाज त्यांच्यात मुरलेला होता.

त्याच वर्षी लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये त्यांनी आपली अखेरची जाहीर मैफल केली. आत्मचरित्राचा दुसरा खंड त्यांना तोंडी सांगून लिहवून घ्यावा लागला. तो 1980 साली प्रसिद्ध झाला. 20 डिसेंबर 1982 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

ही मुद्रिका ऐकताना तिच्यात तारुण्याचा वेग शोधू नये. पंचविशीतील ब्राम्सचे दुःख नव्वदीच्या उंबरठ्यावरील माणूस कसे उलगडतो, हे ऐकावे. विशेषतः मधला संथ भाग ऐकावा. क्लारा शूमानचे सौम्य चित्र म्हणून ब्राम्सने तो रेखाटला होता. तेथे वाद्यवृंद आवाज आवरून पियानोला वाट करून देतो. साथसंगतीचे मर्म जाणणाऱ्या आपल्या रसिकाला ते समजावयास स्वरलिपी येण्याची गरज नाही.