विज्ञानाचे गेज : डॉ. जयंत नारळीकर यांची शिकवण
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला 'विज्ञान आणि आपण' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आमचे आयुष्य गेले. म्हणून आज पदरचे फारसे न सांगता एका शास्त्रज्ञाचे विचार आपल्यापुढे ठेवणार आहोत. ते म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

1938 साली कोल्हापुरात जन्म, बालपण बनारसला, पुढे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबत विश्वाच्या रचनेवर संशोधन. परदेशात नाव झालेले असताना 1972 साली ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि 1988 साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली. मुले सही मागायला आली की ते सही देत नसत. 'पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल,' असे सांगत. एवढा मोठा माणूस, पण पोराच्या प्रश्नाला त्याच्या लेखी किंमत होती.

आता आपल्याकडे या. आपल्या भागात यंत्रांना तोटा नाही. सीएनसी आहेत, रोबो आहेत. पण अमावास्येला त्याच सीएनसीला लिंबू-मिरची बांधलेली आपण पाहतोच ना? यंत्र वापरता येणे हे तंत्र झाले. ते का चालते, का बिघडते, याचा शोध घेणे हे विज्ञान. आपल्या पिंपरीतच बघा. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पण त्याचे मूळ 1928 सालचे. जंतू वाढवायच्या बशीत बुरशी आली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पाहिले. ती बशी धुऊन टाकली असती तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी मात्र विचारले, असे का झाले? आधी कुतूहल आले, उपयोग मागून आला. आणि ते औषध टोचून घेताना कोणाला जात विचारली गेली नाही, जंतूंनीही विचारली नाही.

मग एखादी गोष्ट खरी की खोटी, हे विज्ञान कसे ठरवते? आपल्यापैकी बऱ्याच जणांनी क्वालिटीत काम केले आहे. गो-नो-गो गेज आपल्याला माहीत आहे. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. जॉब कुणी केला, तीस वर्षांच्या कारागिराने की कालच्या अ‍ॅप्रेंटिसने, हे गेज विचारत नाही. आणि माप जॉब करायच्या आधी ठरलेले असते, नंतर नाही. आमच्या मते नारळीकरांच्या विज्ञानविचाराचे सार यातच आहे.

त्यांनी हे गेज ज्योतिषाला लावले. 2001 साली विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचे ठरले, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. पण नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. 2008 साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ यांना सोबत घेऊन त्यांनी चाचणीच घेतली. 100 हुशार मुले आणि 100 बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुले, अशा 200 जणांच्या पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. नाणे उडवून सांगितले तरी 20 च्या आसपास बरोबर येणारच. म्हणून निदान 28 बरोबर यायला हव्यात, असे आधीच ठरले होते. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी होती 24. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, तिच्या 102 बरोबर आल्या. म्हणजे नाण्याइतक्याच! यात कोणाची टिंगल केली नाही, कोणाला शिवी दिली नाही. फक्त गेज लावले. त्याच दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या झाडून खून झाला, हेही आपण विसरू नये.

कोणी म्हणेल, दुसऱ्याला गेज लावणे सोपे आहे. तर स्वतःच्या सिद्धांताचे काय? विश्व एका महास्फोटातून सुरू झाले, हे मत जगभर मान्य होत गेले. नारळीकर आणि हॉईल यांना ते पटत नव्हते. 1965 साली आकाशातून सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि त्यांच्या बाजूला मोठा धक्का बसला. 1993 साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला, तोही बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. काही जण त्याला हट्ट म्हणाले. आम्हाला त्यातला न्याय आम्ही करणार नाही. पण वाद कुठे झाला ते पहा. शास्त्रज्ञांसमोर, आकडे आणि निरीक्षणे मांडून, दुसऱ्याला तपासता येतील अशी अनुमाने छापून. 'मी मोठा आहे म्हणून माझे ऐका' हे तिथे चालत नाही. आणि 'सगळे म्हणतात म्हणून खरे' हेही चालत नाही.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नये. दुसऱ्याच्या पोथीला गेज लावायला आपण पुढे असतो. पण आपल्याच व्यासपीठावरून कोणी म्हणाले, 'आजचे सगळे विज्ञान अडीच हजार वर्षांपूर्वीच आपल्याकडे सांगितले होते', की आपण टाळ्या वाजवतो. पुरावा कोण मागतो? गेज आपले-परके ओळखत नाही. कारखान्यात तर गेजसुद्धा ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनला जाते. मग आपली मते का जाऊ नयेत?

विज्ञानाचा हेतू काय, याचे आमच्यापुरते उत्तर असे. विश्व समजून घ्यावे, आणि ते समजून घेताना माणसाने कुणाच्याही भीतीपुढे मान तुकवू नये. भारतीय संविधानाच्या कलम 51 क मध्ये 1976 साली वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घातले गेले. हे फक्त शास्त्रज्ञाचे कर्तव्य नाही. आजारी लेकराला दवाखान्याऐवजी बाबाकडे नेणाऱ्या आईबापांचेही ते आहे, पत्रिका जुळत नाही म्हणून चांगले स्थळ मोडणाऱ्या घराचेही आहे. चुकीची किंमत अशा ठिकाणी माणसाच्या आयुष्यात मोजावी लागते.

म्हणून समितीला एकच विनंती. विहारात एक पेटी ठेवा. मुलांनी त्यात विज्ञानाचे प्रश्न टाकावेत. आपल्यात शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, नर्सताई आहेत, त्यांनी दर पौर्णिमेला उत्तरे द्यावीत. उत्तर येत नसेल तर 'शोधून सांगतो' म्हणावे, पण पोराला 'गप बस' म्हणू नये.