हात वर करायचा राहिला तेव्हा

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळपासून तुमच्यापैकी निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "तिकडे तुम्ही दोघंच, मग सणासुदीला करता काय?" त्याचंच उत्तर देते.

आम्ही शिकागोला राहतो. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. नाताळच्या आठवड्यात जो तो आपापल्या घरी जातो. आमची घरं सांगली आणि साताऱ्याला, आणि त्या दिवसांत तिकिटं कमालीची महाग. म्हणून आम्ही तिथेच असतो.

डेली प्लाझात जर्मन पद्धतीचा नाताळबाजार भरतो. तिथे कुडकुडत गरम बदाम खायचे. शहराच्या लोकलची एक गाडी रोषणाई करून फिरवतात, तिच्या एका उघड्या डब्यावर सांताक्लॉज बसलेला असतो. ती बघायला माझा नवरा दर वर्षी फलाटावर लहान मुलासारखा उभा! मग डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानांतून सामान आणायचं आणि चोवीस तारखेला चकल्या करायच्या. तो सोऱ्या फिरवतो, मी तळते. चकली मऊ पडली की सासूबाईंना व्हिडिओ कॉल. आपल्याकडे घड्याळ साडेअकरा तास पुढे, त्यामुळे आमची रात्र म्हणजे त्यांची सकाळ. "मोहन कमी पडलं," हे त्यांचं ठरलेलं निदान.

आमच्या बाल्कनीत दिवाळीचा आकाशकंदील थेट जानेवारीपर्यंत असतो. शेजारचे आजोबा दर डिसेंबरात म्हणतात, "तुमचा ख्रिसमसचा तारा छान आहे." आम्ही हो म्हणतो आणि त्यांना चकल्या देतो. तो कंदील का उतरवत नाही, ते त्यांना कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्या बाबांच्या दुकानातून वह्या घेतल्या आहेत.

माझं काम दुकानांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. तिथपासून नाताळापर्यंत दुकानांत गर्दी, म्हणून त्या काळात प्रणालीत नवा बदल करायचा नाही, असा आमच्याकडे नियम. त्याला 'कोड फ्रीझ' म्हणतात. साहजिकच सगळी धावपळ त्याआधीच्या महिन्यात, आणि नेमकी तेव्हाच आपली दिवाळी. २०१४ साली बाबांनी फोनवर विचारलं, "या वर्षी येतेस का?" मी म्हटलं, "रजा मिळत नाही हो बाबा."

हे खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. एवढ्या धावपळीत कसं विचारायचं, या संकोचात गप्प बसले. बाबा म्हणाले, "बरं, जमेल तेव्हा ये. कंदील ठेवतो."

त्रिपुरी पौर्णिमा झाली की बाबा कंदील उतरवून, पुसून माळ्यावर ठेवायचे. त्या वर्षी उतरवला नाही. शेजारी विचारायचे, तर म्हणायचे, "पोरगी यायची आहे." जानेवारीत बाबा गेले. मी पोहोचले तेव्हा दारात कंदील तसाच होता, कागद उन्हानं पांढरा पडलेला.

पुढच्या हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? तुझं काम मी केलं असतं." मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. उत्तर येत असूनही मी कधी हात वर करत नसे. बाई म्हणायच्या, "अगं, तू हात वर केल्याशिवाय मला कळणार कसं?"

त्या दिवशी आम्ही दोघींनी ठरवलं. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज माझं काम त्या बघतात. नाताळचे दोन दिवस त्यांचं काम मी बघते. रात्री-अपरात्री प्रणाली बंद पडली तर फोन मी उचलायचा, म्हणजे त्या आईकडे निवांत जेवू शकतात. आता आमच्या सगळ्या टीमचं वेळापत्रक असंच आखतात. कोणाचा सण कधी, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारलं जातं. ज्यांना सांगायला संकोच वाटतो, विशेषतः नव्यानं आलेली मुलं, त्यांना मी स्वतः जाऊन विचारते.

म्हणून पंचवीस तारखेला मी लॅपटॉप उघडून बसलेली असते, शेजारी चकल्यांचा डबा, बाहेर बर्फ आणि बाल्कनीत कंदील. वाईट वाटतं का? वाटतं. पण ते रिकामं बसणं नसतं. कोणीतरी आपल्या घरी पोहोचलंय, हे ठाऊक असतं. आणि दर दुसऱ्या दिवाळीला मी आईजवळ असते.

तुमचीही मुलं आता लांब आहेत. ती "रजा नाही" म्हणाली, तर रागावू नका. फक्त एवढं विचारा, "मागितलीस का?"

बाई, आज बोलायला कोण उभं राहणार असं संयोजकांनी विचारलं, तेव्हा पहिला हात माझा होता. तीस वर्षं लागली, पण केला वर!