नट फिरतो, पण सुटत नाही

पावसाळ्यात जिंतूर-मानवतच्या काळ्या रानातून हिंडलेल्या मोटारसायकलच्या मडगार्डचे नट चिखल-पाण्यानं गंजून बसतात. लगेच जोर लावू नका. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल सोडा आणि मुरू द्या. घाई इथंच नडते. मग हातोडीचे हलके टोले द्या. पाना नेमक्या मापाचाच घ्या, सैल पान्यानं नटाचे कोपरे झिजतात.

नटाबरोबर बोल्टही गरगर फिरत असेल, तर त्याचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरा. पाना पोचत नसेल, तर नटाखाली स्क्रू ड्रायव्हर सारून उचल द्या. ताण बसला की बोल्ट बहुधा थांबतो. तरीही नट सुटला नाही, तर तो छिन्नीनं सरळ फोडा. नट स्वस्त असतो. पेट्रोल टाकीजवळ मात्र नट तापवून सोडवायच्या भानगडीत पडू नका.