वीतभर रणगाडा

बाजारातील संच आणून रणगाड्याची प्रतिकृती जुळवणे हे काही मोठे कसबाचे काम नव्हे. भाग क्रमाने सोडवावेत, चिकटवावेत, रंग द्यावा. वीतभर लांबीचा शर्मन रणगाडा टेबलावर उभा राहतो. परंतु जरा निरखून पाहिले की मन खट्टू होते. पुढील दिव्याभोवतीचे संरक्षक कडेच घ्या ना! साच्यात प्लास्टिक फार पातळ उतरत नाही. म्हणून ते जवळजवळ एक मिलिमीटर जाड येते. प्रमाण एकास पस्तीस. म्हणजे खऱ्या गाडीवर त्याची जाडी ३५ मिलिमीटर व्हावी. आणि शर्मनच्या बाजूचे चिलखत ३८ मिलिमीटरचे! दिव्याला आणि माणसांना जवळजवळ सारखेच कवच, असा हा न्याय झाला.

मग उपाय एकच : तो भाग टाकून द्यावा आणि स्वतः घडवावा. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा सुमारे दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी कापून गोल दांडीवर वाकवली की कडे तयार होते. हातकड्यांसाठी तांब्याची बारीक तार घ्यावी. संचाच्या चौकटीची काडी ज्योतीजवळ धरून ताणली की केसासारखा धागा निघतो. तो सांध्यावर बसवून, चिकटद्रवाने मऊ करून सुरीच्या टोकाने टोचला की वेल्डिंगची शिवण उमटते. साहित्य कवडीमोलाचे, खर्च होतो तो वेळेचा.

डेक्कन हॉर्स या रिसाल्याचे मूळ हैदराबादच्या निजामाच्या घोडदळात आहे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तर येथे हा रिसाला शर्मन रणगाड्यांनिशी लढला. त्यांतलीच एक गाडी करावी, असे मी मनात घेतले. तीन महिने रात्री जागून ती पुरी केली आणि ओळखीच्या एका निवृत्त रिसालदारसाहेबांपुढे मोठ्या अभिमानाने ठेवली.

त्यांनी ती तळहातावर घेतली. माझ्या पातळ कड्यांकडे त्यांचे लक्षही गेले नाही. चालकाच्या झाकणावरील कडीवर नख ठेवून ते म्हणाले, “हिच्यात बोटे कशी घालायची? गाडीला आग लागली, तर आतल्या माणसाला बाहेर कसे काढणार?”

मी पाहिले. तार झाकणाला अगदी चिकटून बसली होती. त्या रात्री ती उपटली, बारीक छिद्रे पाडली आणि खाली एक मिलिमीटर मोकळीक ठेवून पुन्हा बसवली. एकास पस्तीस या हिशेबाने ती ३५ मिलिमीटर, म्हणजे माणसाची बोटे जातील एवढी.

दिव्याच्या कड्यावर जो मिलिमीटर मला सलत होता, तोच येथे हवा होता. जाडी मोजायला मी शिकलो होतो. ती वस्तू कोणाच्या हाताला लागायची आहे, हे विचारायला त्या दिवशी शिकलो.